पेट्रोल ब्रेकमध्ये जातं: रोजच्या गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं असेल तर

गाडीचं ॲव्हरेज पडलं की लोक आधी पंप बदलतात, मग पेट्रोलमध्ये ओतायची कसलीतरी बाटली आणतात, मग गॅरेजवाल्याच्या मागे लागतात, आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघायचं राहूनच जातं. शहरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज सगळ्यात जास्त ब्रेकवर ठरतं असं माझं ठाम मत आहे, बाकी गोष्टींनी फरक पडतो पण तो त्यानंतर.

पण आधी मोजा, मोजल्याशिवाय काहीच कळणार नाही. टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झालं की थांबा, राउंड फिगरसाठी वरून अजून टाकायला सांगू नका. ट्रिप मीटर झिरो करा, नेहमीसारखी गाडी चालवा, टाकी अर्ध्याच्या खाली आली की शक्यतो त्याच पंपावर परत ऑटो कटपर्यंत फुल करा. समजा ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर बसलं तर ॲव्हरेज १५. असं दोन-तीन टाक्या तरी करा कारण एका टाकीत थोडं इकडेतिकडे होतंच. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत जरा जास्तच दाखवतो, त्याच्यावर हिशोब करू नका. आणि कंपनी जाहिरातीत सांगते तो आकडा म्हणजे आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत, गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या पॅटर्नने चालवून आलेला असतो, सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता तो येणार नाही. तुलना करायची ती तुमच्याच गाडीच्या मागच्या टाकीशी.

आता ब्रेक. माणसं धरून अकराशे किलोची गाडी ६० च्या स्पीडला आहे. ब्रेक दाबून थांबवली की ती सगळी एनर्जी डिस्क आणि ड्रममध्ये गरम होऊन संपली, आणि परत ६० वर न्यायला साधारण १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल नव्याने जाळावं लागतं. हेच ४० वरून थांबलात तर निम्म्याहूनही कमी, कारण ही एनर्जी स्पीडच्या वर्गाने वाढते. म्हणजे लाल सिग्नल समोर दिसतोय तरी ६० पर्यंत खेचून मग करकचून थांबायचं, असं दिवसातून पन्नास वेळा केलं तर जवळजवळ एक लिटर पेट्रोल नुसतं थांबण्यात गेलं.

मग करायचं काय, तर नजर लांब ठेवायची. पुढच्या गाडीच्या मागच्या लाइटकडे बघत चालवू नका, तिच्या पलीकडच्या दोन-तीन गाड्या काय करतायत ते बघा. सिग्नलला टायमर असेल आणि लालचे चाळीस सेकंद बाकी असतील तर तिथेच पाय काढा, गाडी गियरमध्ये तशीच येऊ द्या, पोचेपर्यंत हिरवा झाला तर थांबायची गरजच नाही. पुढे अंतर ठेवलं की रिक्षा आणि टू-व्हीलर घुसतात हे मला मान्य आहे, घुसू द्या, त्या निघून जातात आणि तुमचा ब्रेक वाचतो. गल्लीत दोन गतिरोधकांच्या मधे तर एक्सलेटर देण्यात काहीच अर्थ नाही, सेकंड गियरमध्ये एका लयीत जा.

यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त लोक चुकीची करतात ती गोष्ट म्हणजे न्यूट्रल. उताराला गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं हे कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या जमान्यातलं डोक्यात बसलंय. आत्ताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गाडी गियरमध्ये आहे आणि एक्सलेटरवरून पाय पूर्ण काढलाय, तर कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं त्या आकड्याच्या, जवळ येईपर्यंत पेट्रोल जवळपास शून्य. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं, म्हणजे उलट जास्त जातं. डॅशबोर्डवर चालू क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर उतारावर पाय काढून बघा, एकदम टोकाला जाते. आणि घाटात हे जिवावर बेततं, खंबाटकी असो नाहीतर बोरघाट, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की लागत नाहीत. ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं पेट्रोलच्या हिशोबानेही बरोबर आहे. घरातल्या नवीन चालवणाऱ्यांना हे एवढं तरी नक्की सांगा, कळकळीची विनंती आहे.

गियरचं म्हणाल तर पेट्रोल गाडीत सपाट रस्त्यावर साधारण २००० आरपीएमच्या आसपास वरचा गियर टाकायचा, पण गाडी धडधडायला लागली तर लगेच खालचा, वरच्या गियरमध्ये रडत रडत चढ चढवून काही वाचत नाही. सिग्नलला क्लच दाबून गियरमध्ये उभं राहायचं नाही, चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक आहे ना. ऑटोमॅटिकवाल्यांनीही चढावर एक्सलेटरवर गाडी धरू नये, ब्रेकवर धरावी.

हायवेवर गणित वेगळं आहे, तिथे ब्रेक कमी आणि हवा जास्त. ८० च्या जागी १०० ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारख्या रस्त्यावर ९४ किलोमीटर अख्खे १०० ने गेलात आणि अख्खे ८० ने गेलात तर फरक पडतो चौदा मिनिटांचा, आणि घाटात तर तसंही हळूच जावं लागतं. घाई नसेल तेव्हा ८०-८५ धरा, डाव्या लेनला. गणपतीला गावी जाताना लावलेला कॅरियर परत आल्यावर काढून ठेवा, रिकामा असला तरी तो हवा अडवतो. डिकीत वर्षभर पडलेलं सामानही काढा.

एसी: उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या फुल एसी लावू नका, आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालवा, मग २४-२५ वर लावा. ट्रॅफिकमध्ये काचा उघड्या चालतील पण हायवेला काचा बंद आणि एसी चालू हेच बरं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर छोटी गाडीसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर खाते, त्यामुळे शाळेबाहेर मुलांची वाट बघताना बंद करा.

टायरची हवा महिन्यातून दोनदा तरी, सकाळी टायर थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, चार-पाच माणसं आणि सामान असेल तर त्याचा वेगळा आकडा तिथेच असतो, पंक्चरवाला सगळ्यांना एकच भरतो ते नको. नायट्रोजनच हवा असा हट्ट नको, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. मॅन्युअलमध्ये साधं पेट्रोल चालतं लिहिलं असेल तर प्रीमियम पेट्रोलवर जास्त पैसे घालवू नका. इंजिन ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच.

पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलबद्दल खूप जण विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश एनर्जी कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के एनर्जी कमीच. पूर्वी १६ देणारी गाडी १५ वर आली तर त्यात गाडीचा दोष शोधू नका.

पण १६ वरून एकदम १२ वर आली आणि तुमचा रस्ता, ट्रॅफिक, चालवणं तेच आहे, तर काहीतरी बिघडलंय. चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा (लगेच टेकवू नका, चटका बसेल), एखादं बाकीच्यांपेक्षा फारच गरम असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. टेम्परेचर काटा नेहमीपेक्षा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असू शकतो, इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल तर चाकांची अलाइनमेंट बघा. एअर फिल्टरवर लोक फार खापर फोडतात पण इंजेक्शनच्या गाडीत त्याने पिकअप मरतो, ॲव्हरेजला फारसा फरक पडत नाही. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो) बिघडलाय का ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, तेव्हा गॅरेजला जाताना तुमच्या टाकी-टू-टाकी नोंदी मोबाइलमध्ये घेऊन जा, "ॲव्हरेज कमी झालंय" एवढंच सांगितलं तर सर्व्हिसिंग करून परत पाठवतात, आकडे आणि तारखा दाखवल्या तर मेकॅनिक नीट शोधतो.