पॉट निम्मा कधी करायचा? नव्या पोकर डीलरांसाठी

मांडवीवरच्या एका कॅसिनो बोटीत डीलर म्हणून लागलो तेव्हा हातांची, म्हणजे पाच पत्त्यांच्या जुळण्यांची, क्रमवारी मला तोंडपाठ होती. तरी दुसऱ्याच आठवड्यात निम्मा वाटायचा पॉट, म्हणजे डावात जमलेल्या चिप्स, मी अख्खा एकाकडे सरकवला.

बोर्डवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पाच पत्त्यांत, एक्का, राजा, राणी, नव्वी, सत्ती. फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) कुणाचाच नाही. एकाकडे एक्का-अठ्ठी, दुसऱ्याकडे एक्का-छक्की. मी म्हटलं, जोडी सारखी, अठ्ठी मोठी, किकरवर (जोडीबाहेरच्या मोठ्या पत्त्यावर) हा जिंकला. साफ चूक! होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातले दोन आणि बोर्डवरचे पाच, अशा सातांतले पाचच पत्ते धरायचे. दोन एक्के, राजा, राणी, नव्वी. झाले पाच. अठ्ठीला जागाच उरत नाही, छक्कीलाही नाही. दोघांचा हात एकच, पॉट निम्मा-निम्मा. अठ्ठीच्या जागी गुलाम असता तर त्याने नव्वीला बाहेर काढलं असतं आणि तो जिंकला असता. सहावा पत्ता बघूच नका. तिसरी जोडीही अशीच फसवते. बोर्डवर दोन राजे, दोन अठ्ठ्या आणि एक्का असेल तर हातातल्या दोन पंज्या फुकट.

छक्कीवाल्या खेळाडूला हे उमगलं तेव्हा पुढचा डाव सुरू झाला होता, हरकतीची वेळ टळली होती. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

घरी 'इस्पिक भारी' म्हणत खेळला असाल तर ते विसरा. पॉटसाठी चारही रंग सारखे. २,५०० चा पॉट दोघांत वाटताना सर्वांत छोटी चिप १०० ची असेल तर दोघांना १,२००, आणि उरलेली चिप बटणाच्या (डीलरची जागा दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडून मोजताना दोघांतला जो आधी येतो त्याला. साइड पॉट (एखाद्याच्या चिप्स संपल्यावर बाकीच्यांचा होणारा वेगळा पॉट) असेल तर प्रत्येक पॉट वेगळा वाटा, एकत्र करू नका.

अ‍ॅपवर शिकलेल्यांची नजर कच्ची राहते, हे माझं ठाम मत आहे. तिथे वाटणी आपोआप होते. मागून उत्तर ओरडणाऱ्या सुपरवायझरकडूनही काही शिकता येत नाही. मला शिकवलं एका जुन्या डीलरने: बोर्डवरचे धरलेले पत्ते वर सरकव, बाकीचे खाली ठेव, पाच मोज, मगच बोल.

घाबरू नका, महिन्याभरात हात बसतो. सुरुवातीला चार-पाच सेकंद जास्त लागतात आणि टेबलावरचे लोक घाई करतात. करू द्या.