झाड पडलं त्या दिवसापासूनची तयारी

परसातल्या झाडाचं लाकूड कोरायचं असेल, तर पटाश्या नंतर घ्या. आधी जुन्या ऑइलपेंटचा डबा शोधून ठेवा. झाड तोडणाऱ्यांनाही आधीच बजावा, नाहीतर ते सरपणाच्या मापाचे तुकडे करून मोकळे होतात. हव्या त्या लांबीपेक्षा दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त ठेवायला सांगा. बेचकी फेकू देऊ नका. वाकड्या दांड्याच्या डावाला तसलंच लाकूड लागतं, कारण त्यातल्या रेषा वाकासोबत वळलेल्या असतात.

ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी रंगाचा किंवा मेणाचा जाड थर द्यायचा. उद्या नाही. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी लवकर निघून जातं, म्हणून पहिले तडे तिथेच दिसतात. मग पाचर ठोकून ओंडका बरोबर गाभ्यातून उभा फोडायचा आणि मधला गाभा काढून टाकायचा. लाकूड गाभ्याकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट घेराच्या दिशेने आकसतं. अख्खा ओंडका त्यामुळेच उकलतो. सालही सोलून टाका, तिच्याखाली किड्यांची वस्ती असते.

खिळे शोधायला जोरदार लोहचुंबक फिरवायचं. आमच्या झाडात कपड्यांच्या दोरीचा खिळा इतका खोल गेला होता की वरून गाठच वाटायची. भोवती निळसर काळा डाग होता, तो मी पाहिलाही होता. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून असा डाग पडतो, हे पटाशीच्या धारेचा टवका उडाल्यावर शिकलो.

चमचे ओल्या लाकडातच कोरा, हाताला लोणी लागतं. वाडगा ओला असताना जाडसर कोरून ठेवावा, वाळून वाकडा झाला की मग नीट आकार द्यावा. मूर्ती किंवा उठावाच्या कामाला मात्र सुकलेलंच हवं. फळ्या जमिनीपासून उंच, सावलीत, मधे पट्ट्या घालून रचा. इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे, पण माझा भरवसा वजनकाट्यावर. तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं. काही आठवडे आकडा हलला नाही, की लाकूड सुकलं समजायचं.

हत्यारं मोजकीच: एक सपाट पटाशी, एक गोल, लाकडी हातोडा, क्लँप, धारेचा दगड आणि धारेला शेवटचा हात द्यायला चामड्याचा पट्टा. धार तपासायला टाकाऊ तुकड्यावर रेषांना आडवं कापून बघा. काप चकचकीत आला तर ठीक, पांढरे ओरखडे उठले तर परत दगडाकडे. घासताना मास्क हवाच. झाड कण्हेरीचं असेल तर हा सगळा उद्योग सोडा, ती विषारी असते.

शेवटी जवसाचं तेल लावलंत, तर चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर, एकेक पसरून वाळत घाला.