दसऱ्यानंतरचं परस: या चुका टाळा, आणि एकदा वाड्याला फेरी मारा

दसरा झाला की माझ्या फोनवर एकाच छापाचे फोटो यायला लागतात. आडवं पडलेलं मिरचीचं रोप, मान टाकलेलं वांगं, पिवळा पडलेला टोमॅटो, आणि खाली एक ओळ: "काकी, ह्याला काय घालू?" बहुतेक वेळा घालायचं काहीच नसतं. काढायचं असतं, नाहीतर थांबायचं असतं, नाहीतर वाफाच भलत्या जागी असतो. पण थांबायला सांगितलेलं कुणाला आवडत नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून रोपं आणली की रविवारी ती मातीत गेलीच पाहिजेत, असा हल्ली हट्ट असतो.

मी गोव्यात, फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या बाजूला राहते. जांभ्याची जमीन, चार माड, एक मानकुराद आंबा, एक विहीर आणि घराच्या चारी अंगांनी थोडी थोडी जागा. शेतकी शिकलेली नाही. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्याच आहेत.

थंडी कुठली?

गेल्या वर्षी आमच्या वाड्यातल्या, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीतल्या, एका मुलाने नोव्हेंबरात जास्वंदीला प्लॅस्टिक गुंडाळलं. हिवाळ्याआधी झाडं झाकतात, असं व्हिडिओत पाहिलं म्हणे. अरे बाबा, ते जिथे बर्फ पडतं तिथलं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेही पारा विशीच्या आसपास असतो आणि दुपारी तिशी ओलांडतो. प्लॅस्टिकच्या आत ती जास्वंद इडलीसारखी उकडली. तिकडे हिवाळ्याआधी बाग आवरतात, इकडे मांडतात. वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेती, तांबडी भाजी, मुळा, वाल, वांगी, मिरची, सगळं ह्याच दिवसांतलं.

त्याच व्हिडिओंमुळे ऑक्टोबरात कोयतेही बाहेर निघतात. आंब्याला आता हात लावू नका. मोहोर येतो तो पावसाळ्यात फुटून जून झालेल्या फांदीच्या टोकाला. ते टोकच उडवलंत तर पालवी येईल आणि आंबे विकत आणाल. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर, जून-जुलैत. काजूलाही तोच नियम. मोगरा मात्र नोव्हेंबरच्या शेवटी खुशाल छाटा.

ऊन न बघता वाफा काढणं

ही माझी लाडकी चूक. लाडकी, कारण पूर्ण एक हंगाम मी ती मन लावून केली.

ह्या घरात राहायला आलो ते पावसाळ्यात. मागच्या दाराशी, घराच्या उत्तरेला, छान मोकळी जागा होती. स्वयंपाकघर जवळ, विहीर जवळ, पावसाने उघडीप दिली की लख्ख ऊन. मी तिथे वाफा काढला, दिवाळीनंतर आगशीच्या वांग्याची रोपं लावली. डिसेंबरात रोपं उंच झाली, पानं तळहाताएवढी, मऊ, फिकट. फूल मात्र एकही नाही. मी शेणखत घातलं, पानं आणखी मोठी झाली. राख घातली, काही नाही. शेजारीण म्हणाली दृष्ट लागली, तर मी मिरच्या-मीठही ओवाळलं. खोटं कशाला बोलू?

तेव्हा मी रोज सकाळी फिरायला जायची, पण देवळापर्यंत डांबरी रस्त्याने, तशीच परत. जानेवारीत रस्ता खणला म्हणून घरांच्या मागच्या पाणंदीतून जावं लागलं. त्या वाड्यात राहून सहा महिने होऊन गेले होते आणि मी एकाही घराची मागची बाजू पाहिली नव्हती! सकाळचे दहा वाजले असतील. प्रत्येक जुन्या घराची उत्तर बाजू ओली, गार, शेवाळलेली. तिथे भांडी घासायची दगडी, अळू, फार तर हळदीचा गड्डा. आणि भाजीचा वाफा? दक्षिणेला नाहीतर पूर्वेला. दोन घरांनी तर पुढच्या सोप्यासमोर, पाहुण्यांच्या नजरेत येईल असा वांग्यांचा वाफा घातलेला. मी आल्यापासून मनात म्हणत होते, काय ही अंगणाची शोभा घालवलीय.

तिथल्या एका आजीला विचारलं तर ती हसली. "दिवाळे उपरांत सूर्य तकलेर येना गो," म्हणाली. दिवाळीनंतर सूर्य डोक्यावर येत नाही.

एवढंच होतं. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, म्हणून पावसाळ्यात घराची उत्तर बाजू उजळ दिसते. मग तो दक्षिणेला कलत जातो. 21-22 डिसेंबरला भर दुपारीही तो क्षितिजापासून 51 अंशांपेक्षा वर चढत नाही. म्हणजे पाच मीटर उंच भिंतीची सावली दुपारी बारालाही चार मीटर उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. माझा वाफा होता भिंतीपासून दोन मीटरवर. दोन महिने त्याने उन्हाचं तोंड पाहिलं नव्हतं आणि मी दृष्ट काढत बसले होते.

आता माझी सवय अशी. डिसेंबरच्या त्या दिवसांत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली जिथे संपते तिथे एकेक करवंटी उपडी ठेवते. करवंट्यांना चुना फासलेला आहे, म्हणजे गवतातही दिसतात. त्या वर्षभर हलवायच्या नाहीत, अगदी पाहुणे "हे काय जादूटोणं?" म्हणाले तरी. ज्यांना डिसेंबरपर्यंत धीर नाही त्यांनी एवढंच करावं: भिंत किंवा झाड जितकं उंच, तितकी जागा त्याच्या उत्तरेला सोडून मगच वाफा काढावा. थोडी जास्त सुटेल, बिघडत नाही.

गडगडाट थांबण्याआधी रोपं लावणं

पाऊस ऑक्टोबरच्या मध्यावर परततो, पण जाताना घाटाकडून संध्याकाळचे गडगडाट पाठवत राहतो. सकाळी करपवणारं ऊन, संध्याकाळी धो धो, रात्रभर ओल. कोवळं रोप मातीलगत काळं पडतं आणि आडवं होतं. बी ट्रेमध्ये टाका, ट्रे वळचणीखाली ठेवा, आणि सलग आठ दिवस संध्याकाळ कोरडी गेली की रोपं जमिनीत घाला. मी नरकचतुर्दशीला नरकासुर जळेपर्यंत वांगं-मिरची जमिनीत घालत नाही. ह्याला शास्त्र नाही, सवय आहे.

मान टाकलेल्या रोपाला पाणी पाजणं

हे मात्र लांबवर सांगायला हवं, कारण इथे लोक स्वतःच्या हातांनी सगळा वाफा मारतात.

जागा बदलल्यावर दुसऱ्या वर्षी माझी वांगी झकास आली. तिसऱ्या वर्षी त्याच वाफ्यात पुन्हा वांगी, कडेने मिरची. जानेवारीत एक झाड दुपारी मान टाकायला लागलं. संध्याकाळी पुन्हा उभं. मला वाटलं तहान. सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. चौथ्या दिवशी झाड पडलं ते पडलंच. पानं हिरवीगार आणि झाड मेलेलं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, बरोब्बर पाणी ज्या बाजूला वाहत होतं त्या बाजूने. एका दुकानदाराने बुरशीचं औषध दिलं, तेही ओतलं. दोन आठवड्यांत अठरा झाडांतली तीन उरली.

ती जीवाणूंची मर होती. आपल्या आंबट मातीत ती फार, आणि बुरशीच्या औषधाला ती भीक घालत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे, करून बघा. मेलेल्या झाडाचा मुळाजवळचा बोटभर तुकडा चाकूने स्वच्छ कापायचा. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं आणि तो तुकडा वरून धरून त्याचं खालचं टोक पाण्यात बुडवायचं. हात हलवायचा नाही. पाच-दहा मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली सुटतो, सरळ, अगरबत्तीचा धूर उलटा सोडल्यासारखा. धागा दिसला की संपलं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी ग्लास धरून किती तरी वेळ उभी होते. ज्याला मी पाणी पाजत होते ते हे.

ह्यावर औषध शोधत फिरू नका. झाड मुळासकट उपटा, आजूबाजूच्या मातीसह पिशवीत भरा. खताच्या खड्ड्यात नको, पाटात तर मुळीच नको. खुरपं धुवून उन्हात ठेवा. त्या वाफ्यात तीन वर्षं वांगं, मिरची, टोमॅटो ह्यांपैकी काही नाही, सगळी एकाच कुळातली आहेत. मका लावा, चवळी लावा, मुळा, तांबडी भाजी. लावणीआधी पंधरा दिवस मी मातीत थोडा चुना मिसळते, आंबटपणा कमी होतो. टोमॅटो घ्यायचाच तर मर सोसणारं वाण घ्या, अर्का रक्षक त्यातलं एक. आणि "पण माझ्याकडे एकच वाफा आहे" असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: मग तीन वर्षं वांगी बाजारातून खा.

बारीकसारीक

पावसासाठी उंच केलेले वाफे तसेच ठेवू नका. आता पाणी धरायचंय, निचरायचं नाही. सपाट करा, कडा उचला.

माडाच्या बुंध्याशी शेणखताचा ढीग घालून ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि मग वर शेंड्यात शिरतो. खत पसरा, वर नारळाची सोडणं (सालं) आणि चुडतं (झावळ्या) घाला.

तांबड्या भाजीचं बी मुंग्या रातोरात नेतात. बी बारीक वाळूत मिसळून फेका आणि वाफ्याच्या कडेने तांदळाची कणी टाका. मुंग्या कणी नेतात, तोवर बी रुजतं. जे पावडर फवारतात त्यांची भाजी मी खात नाही.

पानं जाळू नका. आंब्याची, काजूची, फणसाची पानं झाडून संध्याकाळी पेटवायची आणि फेब्रुवारीत "माती तापते हो" म्हणून रडायचं. चार बोटं पानांचा थर घातला की एक दिवसाआड पाणी पुरतं.

कुंपणाबाहेर न बघणं

वाड्याला फेरी मारणं हे मी परसातल्या कामांतच धरते, आणि ते लावणीच्या आधीचं काम आहे. लोक फिरतात, नाही असं नाही. पण कानात बोंडं, डोळे घड्याळात किती पावलं झाली त्यावर. रोज तोच रस्ता. त्याने पाय हलतात, वाडा कळत नाही.

फेरी उलट्या बाजूने मारा. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा तिन्हीसांजेला. पुढून नाही, पाणंदीतून. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचं सामान शोधताना आपण कसे प्रत्येक झुडपाकडे बघत चालतो, तसं. पहिल्या वर्षी मला काय काय सापडलं! कोण आंब्याची पानं जाळतं ते सापडलं, आता ती आठ-दहा पोती दरसाल माझ्याकडे येतात, बदल्यात मी मुळे देते. भात कापून झाल्यावर गुरं कुठल्या फटीतून वर येतात ते कळलं, म्हणून माझं कुंपण नोव्हेंबरआधी त्या कोपऱ्यात दुहेरी असतं. खालच्या अंगाला जांभ्याच्या पायऱ्या उतरून एक झर आहे, घरापासून दोनशे पावलांवर, आणि मला तिचा पत्ताच नव्हता. कुणाच्या विहिरीत किती पाणी आहे तेही वाकून बघते. चारपाच विहिरींचं बघितलं की मार्चात आपल्याला किती वाफे झेपतील त्याचा अंदाज येतो. माझ्या एका मैत्रिणीने डौलात बारा वाफे घातले होते, होळीला विहिरीत बादली खरवडायला लागली.

यंदा दिवाळीच्या आदल्या दिवशी नातवाला घेऊन कारीट शोधायला निघाले. त्याच्या आईने बाजारातून आणलं होतं, तरी निघाले. तीन घरांमागे नाही, चौथं घर बंद, मालक मुंबईला. त्याच्या कुंपणावर वेल चढलेला, बोराएवढी कारीटं लोंबकळतायत. नातवाने खिसे भरले. मी मात्र बघत होते ते वेगळंच: त्या बंद घराची दक्षिण बाजू, मोकळी, उन्हाने भरलेली, आणि मधोमध कुणीही न लावलेलं मिरचीचं झाड, माझ्या कुठल्याही झाडापेक्षा भरदार. मालकाला फोन केला आहे. वाफा घालू देतो म्हणाला, मिरच्या मुंबईला पाठवायच्या अटीवर.

हे लिहिता लिहिता एक फोटो आला. टोमॅटो, उंच, फिकट, बिनफुलांचा. "काकी, ह्याला काय घालू?" मी विचारलं, वाफा घराच्या कुठल्या अंगाला आहे? बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"म्हणजे?"