वॉटर-स्कीची बोट रिकामी चालवून निवडू नका
रिकामी बोट सुसाट पळते; मागे दोरीला स्कीअर (पायाला स्की लावून पाण्यावर घसरत जाणारा) लागला की मात्र तिचं नाक वर जातं आणि तो बिचारा पाण्यातच फरफटत राहतो. इंजिनाचा खरा कस लागतो तो त्याला पाण्याबाहेर उठवताना.

१. १६-१७ फुटी हलक्या बोटीला ९० ते ११५ हॉर्सपॉवर धरा. माणसं जास्त असतील किंवा एका स्कीवर जायचं असेल, तर सरळ १५०.

२. ट्रायल भरल्या टाकीने घ्या. चालक, मागे नजर ठेवणारा (कॅलिफोर्नियात तो कायद्यानेच लागतो) आणि दोरीला तुमच्यातला सर्वांत वजनदार माणूस.

३. ओढ थोडीच कमी पडत असेल तर आधी प्रोपेलर बदला. दोन इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) लावला की उठाव सुधारतो, कमाल वेग जरा घटतो. नव्या इंजिनापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

डोंगरातल्या तळ्यावर जाणार असाल तर जास्तच ताकद घ्या. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण ३ टक्के जोर कमी होतो. सुमारे ६,२०० फुटांवरच्या लेक टाहोत (अमेरिकेतलं डोंगरातलं तळं) ११५ चं इंजिन ९५ सारखं वागतं.

मात्र बोटीवरच्या कपॅसिटी प्लेटवर (बोटीच्या मर्यादा लिहिलेली पट्टी) दिलेली कमाल हॉर्सपॉवर कधीही ओलांडू नका.