मोहल्ला कमिटी कशी उभी करावी

मोहल्ला कमिटी, म्हणजे वस्तीतल्या हिंदू-मुसलमान रहिवाशांची आणि पोलिसांची शांतता समिती, सगळं शांत असतानाच सुरू करा. दंगल झाल्यावर बोलावलेल्या शांतता बैठकीत पुढारी बोलतात आणि लोक आपापल्या गल्लीत परततात, एवढंच. आमच्या भिवंडीनं १९७० आणि १९८४ सालच्या दंगली भोगल्या. १९७० मध्ये निमित्त शिवजयंतीच्या मिरवणुकीचं होतं, पण तेढ किती आधीपासून वाढवली जात होती हे त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात वाचायला मिळतं. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

कमिटीत दोन्ही समाजांची माणसं घ्या: मागावरचा कामगार, किराणावाला, शिक्षिका, रिक्षावाला. बायका हव्यातच. पुढारी आणि दादा लोक नकोत. बीटचा, म्हणजे त्या भागाची गस्त असलेला, हवालदार मात्र दर बैठकीला हवा.

पहिले काही महिने धर्माचा विषयच काढू नका. तुंबलेलं गटार, नळाची वेळ, पोरांची भांडणं यांवर बोला. मी सुताचं दुकान चालवते; माझ्याकडे दोन्हीकडचे कारखानदार येतात, उधारीही दोन्हीकडे असते. ही असली नाती जिथे आहेत तिथे माणूस नुसता हिंदू किंवा नुसता मुसलमान उरत नाही. आणि तो तसा उरला की त्याच्यावर हात उचलणं फार सोपं होतं.

सर्वांत जास्त जपा ते अफवेपासून. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री ‘त्यांच्या वस्तीत फटाके वाजले’ असा मेसेज फिरतो आणि धर्मावरून शेजाऱ्याची देशनिष्ठा ठरवली जाते. हा आरोप मला चाकूइतकाच घातक वाटतो. त्यावर चर्चा करत बसू नका. दोन्ही समाजांचा एकेक सदस्य आणि हवालदार, असे तिघे लगेच त्या जागी जा. फटाके खरंच वाजले का, कुणी, कशासाठी? लग्नाची वरात होती का? जे दिसेल ते तिथूनच, स्वतःच्या आवाजात ग्रुपवर टाका. नुसतं ‘शांतता राखा’ लिहून काही होत नाही.

सणांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ताडून पाहा. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा मुंबईत ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला गेला. असा निर्णय ऐनवेळी होत नाही. मिरवणुकीचा रस्ता, नमाजाची वेळ, मशिदीसमोर वाद्यं कुठून कुठवर बंद ठेवायची, हे मंडळाच्या आणि मशिदीच्या लोकांनी एकत्र चालत जाऊन ठरवावं. ठरलेलं कागदावर घेऊन दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत पोलीस ठाण्यात द्या.