चर खोदण्याआधी रेष आखा

आमच्या माणदेशात वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या मोठ्या सरींत पडून जातो. कमी वाटतो, पण हिशेब मांडून बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात साडेचारशे मिलिमीटर पडला तर 450 कोटी लिटर. ग्रामसभेत पहिल्यांदा हा आकडा फळ्यावर लिहा. माणसं कामाला उठतात ती या आकड्यामुळं, भाषणामुळं नाही.

हे पाणी अडवायचं, मुरवायचं काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करायचं. आधी ओढ्यात बंधारा बांधायचा हट्ट सगळीकडे असतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण वरचा डोंगर उघडा असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत तो बंधारा गाळानं भरतो. डोंगर आधी, मग घळी, मग शेतांचे बांध, शेवटी ओढा. जागा गायरान आहे, खाजगी आहे की वनखात्याची, हे तलाठ्याकडून आधी बघून घ्या. वनजमिनीवर परवानगीशिवाय कुदळ लावू नका.

डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे खोदायचे. यातला ‘समतल’ सांभाळला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. चराला जरा जरी उतार राहिला तर पाणी एका टोकाला धावतं, तिथून फुटतं आणि खाली नवीन घळ पाडतं. म्हणून पातळी शोधायला ए-फ्रेम, इंग्रजी A च्या आकाराची काठ्यांची चौकट. सहा-सात फुटांच्या दोन सारख्या काठ्या वर बांधा, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड: झाला ओळंबा. फ्रेम उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि आडव्या काठीवर दोरी कुठं येते ते कोळशानं लिहा. मग पायांची अदलाबदल करा, म्हणजे उजवा पाय डाव्याच्या खुणेवर. दोरी आता दुसरीकडे येईल, तिथंही खूण करा. काठीवरच्या या दोन खुणांचा मध्य म्हणजे तुमची पातळी. डोंगरावर एक पाय रोवायचा, दोरी मध्यावर येईपर्यंत दुसरा वर-खाली सरकवायचा, तिथं चुन्याची फक्की टाकायची, पुढं चालायचं. वाऱ्यात दोरी हलते, म्हणून हे काम सकाळी करा. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण ओळंबा नेमका कधी थांबला हे त्यांच्याइतकं आमच्या बचत गटात कुणाला कळत नाही. आखणी बायकांकडे द्या, असं मी प्रत्येक गावाला सांगते.

चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. माती नेहमी उताराच्या खालच्या अंगाला, काठापासून थोडी जागा सोडून, म्हणजे ती परत चरात ढासळत नाही. असा दहा मीटर चर एकदा भरला की अठराशे लिटर पाणी धरतो आणि मुरुमात मुरवतो. पहिल्या पावसाआधी मातीच्या भरावावर गवताचं बी आणि करंज, कडुलिंब, सीताफळ टोचा. मुळं धरेपर्यंत तिथं चराई बंद हवी. शेळ्या असलेल्या घरांशी हे आधी बोला, त्यांना गवत कापून न्यायची मुभा द्या. त्यांना दुखावून डोंगर राखता येत नाही.

घळीत अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचे बांध घाला. मोठे दगड बाहेरून, लहान आत, आणि मधला भाग कडांपेक्षा खोलगट, म्हणजे पाणी मधून जातं, कडा कोरत नाही.

पाणी आल्यावर खरी परीक्षा. विहिरी भरलेल्या दिसल्या की ऊस लागतो, बोअर पडतात आणि मार्चमध्ये पुन्हा टँकर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं हे ओळखून शेतीसाठी बोअर बंद ठेवली आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरवायची पद्धत घातली. आधी माणसं, मग जनावरं, मग उरलेल्यातून शेती. तुम्हीही गावात पर्जन्यमापक बसवा, शाळेतल्या पोरांकडून रोजची नोंद ठेवा. ठरलेल्या पाच-सहा विहिरींची पातळी दर महिन्याला टेपनं मोजा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. पाण्याचा ताळेबंद मांडायची सभा पावसाळा सरता सरता घ्या, रब्बीच्या पेरणीआधी. एकदा ऊस लावून झाला की मग तो मोडायला कुणी तयार होत नाही.