सिल्व्हर, बुडबुडे आणि आंबट वास: पावसाळ्यात या चुका टाळा

जून लागला की प्लास्टिक मोल्डिंग आणि फिल्मवाल्यांची तीच रड, पीसवर सिल्व्हर (चंदेरी रेघा) येतंय, फिल्ममध्ये बुडबुडे, मशीनजवळ उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. आणि ऑपरेटर पहिलं काय करतो तर बॅरलचं (प्लास्टिक वितळतं त्या नळीचं) टेंपरेचर वाढवतो! पाणी आणि ॲसिड या दोन वेगळ्या भानगडी आहेत, पण पीसवर डाग सारखेच दिसतात म्हणून गोंधळ होतो, आणि ॲसिड असेल तर टेंपरेचर वाढवून तुम्ही ते अजूनच तयार करताय.

आधी पर्ज काढून बघा, म्हणजे बॅरलमधला थोडा वितळलेला माल बाहेर सोडा. फसफसतंय, वाफ येतेय पण रंग ठीक आहे, तर बहुतेक पाणी. वास झोंबतोय आणि लगदा पिवळट तपकिरी, तर मटेरियल जळतंय. निळा लिटमस पेपर भिजवून व्हेंटजवळ (वायू बाहेर पडतो त्या भोकाजवळ) धरा, लाल झाला की ॲसिड. नाक मात्र जवळ नेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे "पीपी (पॉलिप्रोपिलीन) कुठे पाणी पितं". पीपी नाही पीत हो, पण त्यातला फिलर (भरीची पूड), टाल्क, ब्लॅक मास्टरबॅच (काळ्या रंगाचे घट्ट दाणे) पितो ना, आणि बॅग फोडून चार दिवस तशीच ठेवली की संपलं. एसी स्टोअरमधून थंड बॅग आणून लगेच फोडली तरी दाण्यावर दव धरतं, आधी शॉपफ्लोअरवर गरम होऊ द्या.

नायलॉनला ८० डिग्रीला ४ तास तरी लागतात, ओलावा ०.२ टक्क्याच्या खाली हवा. पीसीला (पॉलिकार्बोनेटला) १२० डिग्री, ३-४ तास, आणि ०.०२ टक्के. घाई म्हणून नायलॉन ११० ला टाकाल तर गरम हवेत पिवळं पडेल. साधा हॉट एअर ड्रायर पावसाळ्यात तीच दमट हवा गरम करून फिरवतो, त्यामुळे नायलॉनला हवा आधी कोरडी करणारा डीह्युमिडिफाइंग ड्रायरच लागतो, यात मी तरी तडजोड करत नाही.

रिप्रो (भंगारातून परत बनवलेल्या) दाण्यात डेसिकंट (पाणी शोषणारा) मास्टरबॅच टाकतात, तो म्हणजे आपला कळीचा चुनाच. शुद्ध चुना १ किलोला साधारण ३२० ग्रॅम पाणी धरतो, पण एकदाच. रात्रभर उघडी राहिलेली बॅग म्हणजे विरलेला चुना, पैसे वाया. आणि पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक), पीसीमध्ये तो टाकू नका, चुन्याने त्यांच्या रेणूंची साखळीच तुटते.

आता वास. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिड निघतं, ब्रोमिनवाल्या फायर रिटार्डंटमधून हायड्रोब्रोमिक. पीपीच्या दाण्यातही कॅटॅलिस्टचं क्लोरीन थोडं उरलेलं असतं म्हणून बनवणारे ॲसिड मारायला कॅल्शियम स्टिअरेट घालतात, रिप्रोमध्ये ते कधीच खर्च झालेलं असतं. ०.०५ ते ०.१ टक्का परत टाकून बघा, नाहीतर तेच काम करणारं हायड्रोटाल्साइट. लोक मात्र सेंटचा मास्टरबॅच टाकतात, वास झाकला जातो आणि मोल्ड आतून गंजत राहतो.

पीव्हीसी आणि पीओएम (ॲसिटाल प्लास्टिक) एका बॅरलमध्ये कधीच नाही, पीव्हीसीचं ॲसिड पीओएमला फोडतं, फॉर्माल्डिहाइड सुटतो आणि प्रेशर वाढून बॅरलमधून उडूही शकतं. पीव्हीसी चालवून मशीन बंद करताना तर पीई किंवा पीपीने पूर्ण पर्ज करा, चहाला जाण्याआधी.